रायफलीचा वाढपी: मॅगझिन निवडताना होणारे गैरसमज

पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं. तो सामना ज्यांनी पाहिला, त्यांना आठवत असेल: प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे, नवं काडतूस हातानं आत, बोल्ट पुढे. त्या प्रकारात एका वेळी एकच काडतूस भरायचं असा नियम आहे. त्यामुळे आपल्याकडच्या रायफल नेमबाजाला मॅगझिन (रायफलीला काडतुसं पुरवणारी पेटी) निवडण्याचा प्रश्न सहसा पडतच नाही.

अमेरिकेतल्या ‘सर्व्हिस रायफल’ स्पर्धांत मात्र हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो. लष्करी रायफलींच्या धर्तीवरच्या रायफली, बहुतेकांच्या हाती एआर-१५, आणि या खेळाची पंढरी म्हणजे ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठचं कॅम्प पेरी. १९०७ पासून राष्ट्रीय सामन्यांचं नाव या मैदानाशी जोडलं गेलं आहे. तिकडे स्थायिक झालेला एखादा मराठी हौशी नेमबाज या खेळाकडे वळला, की दुकानातल्या मांडणीपुढे उभा राहून गोंधळतो. वीस गोळ्यांचं घ्यावं की तीसचं? धातूचं की प्लॅस्टिकचं? त्यात ऐकीव सल्ल्यांची भर पडते.

आधी सामना समजून घेऊ, कारण निवडीचं उत्तर त्यातच आहे. पारंपरिक ‘नॅशनल मॅच कोर्स’ ५० गोळ्यांचा असतो. २०० यार्डांवरून उभ्यानं १० गोळ्या, १० मिनिटांत. तिथूनच बसून १० गोळ्या, ६० सेकंदांत. ३०० यार्डांवरून पालथं झोपून १० गोळ्या, ७० सेकंदांत. आणि ६०० यार्डांवरून झोपूनच २० गोळ्या, २० मिनिटांत. मधले दोन टप्पे जलद गोळीबाराचे, आणि मॅगझिनची खरी कसोटी तिथेच लागते.

गैरसमज: जितकं मोठं मॅगझिन, तितकं सोयीचं.

वस्तुस्थिती: जलद टप्प्यात गोळ्या दहाच, आणि त्याही एकाच मॅगझिनमधून सलग झाडायच्या नसतात. रुळलेली पद्धत अशी, की पहिल्या मॅगझिनमध्ये दोन, दुसऱ्यात आठ. दोन झाडल्या की मॅगझिन बदलायचं आणि उरलेल्या आठ झाडायच्या. म्हणजे तीस गोळ्यांच्या मॅगझिनमधली बावीस गोळ्यांची जागा रिकामीच राहते.

रिकाम्या जागेचा त्रास नाही, लांबीचा आहे. झोपून नेम धरताना रायफल जमिनीपासून वीतभरच वर असते. पट्टा दंडाला आवळलेला, डावा कोपर रायफलीच्या खाली. त्यात लांब, वळणदार मॅगझिन खाली लोंबत असेल तर ते सतरंजीला टेकतं, बदलताना अडतं, आणि ते सोडवायला रायफल हलवली की जमवलेली बैठक मोडते. नाकापेक्षा मोती जड, तशातली गत. वीस गोळ्यांचं आखूड, सरळ मॅगझिन या खेळात आवडतं ते यामुळे. हात लांब असलेले आणि उंच बैठक घेणारे काही जण तीसचंही बिनतक्रार वापरतात. झोपून, पट्टा आवळून, स्वतःच्या अंगमानानं पाहावं आणि मग ठरवावं.

गैरसमज: क्लिप आणि मॅगझिन एकच.

वस्तुस्थिती: ‘मॅगझिन’ हा शब्द अरबीतून आला, साठवण्याची जागा या अर्थानं. आपला ‘खजिना’ही त्याच धातूतला. क्लिप म्हणजे काडतुसं एकत्र धरणारी पट्टी. एनसीसीत ज्यांनी .३०३ ली-एनफिल्ड हाताळली, त्यांना हा फरक माहीत असतो: पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या वरून दाबायच्या, की दहाचं मॅगझिन भरतं. पट्टी बाहेर राहते, मॅगझिन रायफलीत.

अमेरिकेच्या एम-१ गरँड रायफलीत आठ काडतुसं क्लिपसकटच आत जातात आणि शेवटच्या गोळीबरोबर रिकामी क्लिप खणकन बाहेर उडते. आठ ही तिची पूर्ण भरणी. दहा गोळ्यांचा टप्पा खेळायचा तर आधी दोन, मग आठ, असाच हिशेब बसतो. एआर-१५ला अशी अडचण नाही, तरी दोन-आठची ही चाल तिच्याकडे गरँडच्या जमान्यापासून वारशानं आली.

गैरसमज: महागडं मॅगझिन घेतलं की गुण वाढतात.

वस्तुस्थिती: गोळी कुठे लागणार हे नळी, काडतूस, वारा आणि चापावरचं बोट ठरवतं. मॅगझिनचं काम पंगतीतल्या वाढप्याचं. पानात वेळेवर आणि नेमकं वाढलं, की त्याची आठवणही कुणाला राहत नाही. तो चुकला, तर सगळी पंगत खोळंबते.

हे खोळंबणं जवळून पाहण्यासारखं असतं. साठ सेकंदांचा टप्पा सुरू झाला आहे. नेमबाजानं दोन गोळ्या झाडल्या. मॅगझिन रिकामं झालं, की त्यातला फॉलोअर (काडतुसांना खालून वर ढकलणारा तुकडा) बोल्टची कळ वर उचलतो आणि बोल्ट मागेच अडकून राहतो. मॅगझिन बदलण्याचा इशारा तोच. पण स्प्रिंग थकलेली आहे, कळ उचललीच गेली नाही, बोल्ट रिकाम्या नळीवर बंद झाला. त्याला कळलंच नाही. त्यानं नेम धरला, श्वास रोखला, चाप दाबला आणि नुसता ‘टक’ असा आवाज आला. आता मॅगझिन बदलायचं, बोल्ट मागे घेणारा दांडा ओढायचा, पुन्हा नेम धरायचा. एका गोळीला सरासरी पाच-सहा सेकंद मिळणाऱ्या टप्प्यात दहा सेकंद गेले, की पुढच्या चार गोळ्या घाईच्या होतात. गुण जातात ते इथे.

म्हणून किमतीपेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. बटण दाबताच रिकामं मॅगझिन स्वतःच्या वजनानं खाली पडतं का? शेवटच्या गोळीनंतर बोल्ट दर वेळी मागे अडकतो का? वरच्या दोन ओठांसारख्या कडा, ज्या काडतूस धरून ठेवतात, त्या वाकलेल्या किंवा फाकलेल्या तर नाहीत? आणि आठ काडतुसं भरलेलं मॅगझिन एका ठोशात बसतं का? या चारही परीक्षांत साधं अॅल्युमिनियमचं मॅगझिन उत्तीर्ण झालं, तर तेच उत्तम.

गैरसमज: धातूचं ते टिकाऊ, प्लॅस्टिकचं ते खेळणं.

वस्तुस्थिती: अमेरिकेच्या मरीन दलानं २०१६ मध्ये एका पॉलिमर मॅगझिनला अधिकृत वापराची मान्यता दिली, तेव्हाच हा वाद खरं तर मिटला. दोघांचे दोष वेगळे आहेत. अॅल्युमिनियमच्या कडा आपटल्या की वाकतात आणि वाकल्याचं पटकन दिसत नाही. पॉलिमर वाकत नाही, पण त्याला तडा जाऊ शकतो, आणि काही रायफलींत ते जरा घट्ट बसतं, त्यामुळे बटण दाबून खाली पडत नाही. फॉलोअर नीट नसेल तर दोन्ही प्रकार सारखेच दगा देतात. तो पुढेमागे कलला की काडतुसाचं टोक खाली जातं आणि बोल्टच्या वाटेत अडतं. अमेरिकी लष्करानं २००९ मध्ये सुधारित मॅगझिन आणलं, तेव्हा न कलणारा फॉलोअर हाच त्यातला मुख्य बदल होता.

गैरसमज: भरून ठेवलं की स्प्रिंग बसते.

वस्तुस्थिती: चांगल्या स्प्रिंगला नुसतं दाबून ठेवल्यानं फारसं काही होत नाही. ती थकते ती वारंवार दबून-सुटून. म्हणजे कपाटात भरून ठेवलेल्या मॅगझिनपेक्षा दर आठवड्याला सरावात वापरलेलं आधी निवृत्त होतं. मॅगझिन ही झिजणारी वस्तू आहे, बुटांसारखी.

गैरसमज: ६०० यार्डांवरही मॅगझिन भरूनच खेळायचं.

वस्तुस्थिती: एआर-१५च्या मॅगझिनमध्ये सुमारे २.२६ इंच, म्हणजे ५७ मिलिमीटर लांबीपर्यंतचं काडतूस मावतं. ७७ ग्रेन वजनाची गोळी या मापात बसते, आणि जवळच्या टप्प्यांना ती पुरते. ६०० यार्डांवर मात्र दहा गुणांचं वर्तुळ १२ इंचांचं, आणि वारा गोळीला बाजूला लोटायला टपलेला. तिथे अनेक जण ८० ग्रेनची लांब, निमुळती गोळी वापरतात, कारण वाऱ्यात ती कमी ढळते. हे काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही. मग ते एकेक करून हातानंच भरायचं, अगदी स्वप्निलसारखं.

तरीही रायफलीत मॅगझिन लावलेलं असतं, कारण सर्व्हिस रायफलला ते लावलेलं असावं असा नियम आहे. रिकाम्या मॅगझिनच्या फॉलोअरवर काडतूस ठेवायचं आणि बोल्ट सोडायचा. फॉलोअर सपाट असेल तर काडतूस सरळ राहतं, उंचसखल असेल तर कलंडतं. ‘स्लेड’ नावाचं एक उपकरण खास एकेरी भरणीसाठीच बनवलेलं असतं, पण ते वापरण्याआधी त्या सामन्याचं नियमपुस्तक उघडून पाहावं. काडतूस थेट नळीत टाकून बोल्ट सोडण्याचा मोह टाळावा. तसा सुटलेला बोल्ट पूर्ण वेगानं आदळतो, आणि चाप न दाबता गोळी सुटण्याचा धोका वाढतो.

गैरसमज: नियम सगळीकडे सारखे.

वस्तुस्थिती: ओहायोत जे खुलेआम विकलं जातं, ते कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत चालत नाही. त्या राज्यांत दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंधनं आहेत. सुदैवानं या खेळाला दहाहून मोठी भरणी कधी लागतच नाही. पण गाडीतून राज्याची सीमा ओलांडण्याआधी त्या राज्याचा कायदा आणि सामन्याचं नियमपुस्तक, दोन्ही वाचावीत.

शेवटी एक साधी सवय. चार मॅगझिन घ्या आणि प्रत्येकाच्या बुडाला रंगानं १, २, ३, ४ असे आकडे घाला. अडकलेली प्रत्येक गोळी वहीत त्या आकड्यापुढे टिपा. महिनाभरात दिसेल, की रायफलीच्या नावानं खडे फोडले तरी चूक बहुतेक वेळा एकाच आकड्याची होती. ते मॅगझिन ‘सरावाला चालेल’ म्हणून पिशवीत परत टाकू नका, कारण सामन्याच्या सकाळी घाईत हात नेमका त्याच्यावरच पडतो. ते ठेचून कचऱ्यात टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्याही पिशवीत जाणार नाही.