नाव नसलेला क्रॉस

शीव कोळीवाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकांकडे पानाच्या जुन्या डब्यात एक काळा जर्मन क्रॉस आहे. मधोमध स्वस्तिक, खाली १९३९. पाहुणे बिचकतात. शुक्रवारी पहाटे हार्बरच्या गाडीने सँडहर्स्ट रोडला उतरून चोरबाजार पालथा घालायचा, हा काकांचा जुना नाद. (काकूंच्या मते, व्यसन!)

खिशात लोहचुंबक हवंच. अस्सल आयर्न क्रॉसचा गाभा लोखंडी, भोवती वेगळी जोडलेली चंदेरी कड. जस्ताची नक्कल चुंबकाला दाद देत नाही. लोखंडी नक्कल मात्र त्यालाही फसवते, मग भिंग काढायचं. प्रशियाच्या राजाने १८१३ मध्ये सुरू केलेलं हे पदक १९१४ आणि १९३९ मध्ये नवं साल घालून पुन्हा निघालं.

पण त्यावर सैनिकाचं नाव सहसा नसतं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मागे नाव आणि पराक्रमाची तारीख कोरतात. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबरचं खोरं. जर्मन मशीनगनवर ते एकटे धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच पडले. वय २२.

“हासुद्धा इटलीतूनच आला असेल का हो, कुणा मराठा शिपायाच्या पिशवीतून?” काका विचारतात. गिऱ्हाईकं येतात, पण डबा विकायचा नाही.