फळा एक, पायऱ्या अनेक

तिसरीचा वर्ग. बाई फळ्यावर हातच्याची वजाबाकी मांडतात : ४२ वजा १७. बाईंनी खडू खाली ठेवण्याआधीच पुढच्या बाकावरच्या मुलींचे उत्तर तयार असते. मधल्या रांगांतली मुले बाईंच्या बरोबरीने चालतात. शेवटच्या बाकावरचा मुलगा मात्र फळ्यावरचे सारे सुबक अक्षरात उतरवून घेतो, उत्तरासकट! वही पूर्ण असल्यामुळे बाई खूष, घरी आईही खूष. ४२ मधला ४ म्हणजे चार दशक, हे त्याला पहिलीपासून उमगलेलेच नाही, याचा पत्ता कोणालाच नसतो. मग चाचणीचा निकाल लागतो आणि हुशार दिसणारा मुलगा अचानक 'ढ' ठरतो.

खरे तर तो ढ नसतो. तो खालच्या पायरीवर उभा असतो आणि वर्ग त्याला तिथेच सोडून पुढे गेलेला असतो.

अशी मुले थोडीथोडकी नाहीत. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालानुसार २०२४ मध्ये ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले ज्या पुस्तकासमोर बसली होती, ते त्यांना नीट वाचताच येत नव्हते.

एक खोली, पाच इयत्ता

या प्रश्नाचे एक उत्तर आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या खेड्यांत सापडले. जे. कृष्णमूर्ती यांनी स्थापन केलेल्या ऋषी व्हॅली शाळेने आसपासच्या गावांतील मुलांसाठी छोट्या शाळा काढल्या. खोली एक, शिक्षक एक आणि इयत्ता पहिली ते पाचवी. त्यातच शेतीच्या हंगामात मुले गैरहजर राहात. परत येईपर्यंत धडा कुठल्या कुठे पोचलेला असे.

तिथे काम करणाऱ्या पद्मनाभ राव आणि रमा या दांपत्याने पाठ्यपुस्तकाचे लहान लहान तुकडे करून त्यांची कार्डे बनवली. काही कार्डे नवे शिकवण्यासाठी, काही सरावासाठी, काही पडताळणीसाठी. पडताळणीत अडखळलेल्या मुलासाठी उजळणीची कार्डे निराळी आणि झपाट्याने पुढे जाणाऱ्यासाठी अधिक खोलात नेणारी कार्डे निराळी. प्रत्येक कार्डावर ओळखीचे चित्र आणि भिंतीवर त्याच चित्रांची लांबलचक 'शिडी'. मुलाने शाळेत यायचे, शिडीवर आपली पायरी शोधायची आणि आपले कार्ड उचलायचे. पंधरा दिवसांनी परतलेले मूलही जिथे थांबले होते तिथूनच पुढे चालू लागते.

मग शिक्षक काय करतात? ज्या मुलांना नवे शिकायचे आहे त्यांच्याजवळ ते बसतात. काही मुले एकमेकांच्या मदतीने सराव करतात, काही आपापली. शिक्षकाचा वेळ सर्वांना सारखा वाटला जात नाही, तो गरजेप्रमाणे वाटला जातो. ताटातही आपण सर्वांना सारखेच वाढत नाही. भूक पाहून वाढतो!

खेड्यातून राज्यभर

ही शिडी पाहून आलेल्या शिक्षकांनी १९९५ मध्ये कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नली-कली', म्हणजे आनंदाने शिकणे, हा प्रयोग सुरू केला. युनिसेफने त्याला हातभार लावला. वर्गात मुले जमिनीवर गोलाकार बसू लागली, त्यांच्या उंचीचे फळे भिंतीवर खाली आले आणि डोक्यावर त्यांच्याच चित्रांचा 'चप्पर' म्हणजे मांडव सजला. २००९-१० पासून कर्नाटकातील सरकारी कन्नड शाळांच्या सुरुवातीच्या वर्गांत ही पद्धत पोचली. चेन्नई महापालिकेने २००३ मध्ये १३ शाळांत अशीच सुरुवात केली आणि पुढे ती तमिळनाडूभर पसरली. तमिळनाडूच्या २०२२ च्या 'एण्णुम एळुत्तुम' योजनेत मुलांच्या पातळ्यांना दिलेली नावे तर पाहा : अरुंबु, मोट्टु आणि मलर. कोवळी कळी, उमलू पाहणारी कळी आणि फूल. 'ढ' या शब्दाला तिथे जागाच नाही.

मुंबई आणि वडोदऱ्यातील महापालिका शाळांत 'प्रथम'ने वेगळी वाट धरली. तिसरी-चौथीत मागे राहिलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी, 'बालसखी', शाळेच्या वेळेत रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन वाचन आणि अंकगणिताचा पाया पक्का करून घेई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची तपासणी केली तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा दिसली. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

सर्वांसाठी एकच वर्ग

ज्या मुलाला कमी ऐकू येते, कमी दिसते किंवा अक्षरे उलटसुलट भासतात, त्यानेही याच वर्गात शिकावे, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. मुलाने शाळेच्या साच्यात बसायचे नसून शाळेने मुलानुसार बदलायचे आहे. यासाठी दर वेळी मोठा खर्च लागतोच असे नाही. बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, म्हणजे ओठ पाहून समजून घेणाऱ्या मुलाला धडा कळतो. अक्षर मोठे काढावे, फळ्यावर चकाकी येऊ देऊ नये. लिहिताना अडखळणाऱ्याचे उत्तर तोंडी घ्यावे. गंमत म्हणजे एकासाठी केलेली ही सोय उरलेल्या सगळ्यांच्याच उपयोगी पडते.

अर्थात अडचणीही आहेत. पन्नास मुलांच्या वर्गात एकटी बाई किती गट सांभाळणार? कार्डे फाटतात, तयार शिक्षकांची बदली होते, नोंदींची वही वाढत जाते. मुले यंत्रासारखी एकामागून एक कार्डे संपवू लागली तर शिडीही नव्या रूपातली घोकंपट्टीच ठरते. सर्वांत मोठा धोका म्हणजे गट कायमचा होणे. गणितात मागे असलेले मूल गोष्ट सांगण्यात सर्वांच्या पुढे असू शकते. म्हणून गट विषयागणिक वेगळे हवेत आणि वरचेवर बदलायला हवेत. 'खालचा गट' हा शिक्का झाला की सारे मुसळ केरात!

घरी काय कराल?

पालकसभेत 'माझ्या मुलाचा नंबर कितवा?' हा प्रश्न हमखास येतो. त्याऐवजी 'गेल्या महिन्यात न येणारे काय आता येते?' असे विचारून पाहावे. मुलाला पाठ झालेला धडा नव्हे, तर न पाहिलेल्या पाच ओळी वाचायला द्याव्यात. अडखळला तर रागावू नये. कुठे अडखळला ते बाईंना सांगावे, तीच त्याची पायरी.

आणि वजाबाकी? मुलासमोर दहाच्या चार नोटा व रुपयाची दोन नाणी ठेवा आणि १७ रुपये मागा. एक नोट देऊन तो थांबेल. सात रुपये द्यायचे आहेत, पण सुटी नाणी दोनच! थोडा वेळ जाऊ द्या, उत्तर सांगू नका. मग तो आपणहून दुसरी नोट पुढे करील आणि म्हणेल, "आई, ही मोडून दे ना."

हातचा कळला, तो त्या क्षणी.