गोळी देऊन बाकावर बसवू नका

मधल्या सुट्टीत मैत्रिणीची शेंगदाण्याची चिक्की खाल्ली आणि चौथीतल्या मुलीच्या अंगावर गांधी उठल्या. बाईंनी ॲलर्जीची गोळी देऊन तिला बाकावर बसवलं. थोड्याच वेळात ओठ सुजले, आवाज बसला, धाप लागली. रिक्षातून आमच्या आरोग्य केंद्रात आणली, तेव्हा मी ड्यूटीवर होते. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यायला लावलं. पोर वाचली.

या तीव्र ॲलर्जीला ॲनाफिलेक्सिस म्हणतात. शेंगदाणे, अंडं, दूध, मासे, मधमाशीचा डंख, एखादं औषध, कशानेही ती होऊ शकते. गांधींसोबत धाप, जिभेला सूज, घोगरा आवाज, चक्कर किंवा सारख्या उलट्या दिसल्या, तर गोळीवर विसंबू नका. गोळी खाज थांबवते. जीव वाचवतं ॲड्रेनॅलिन.

लगेच १०८ ला फोन करा. मुलाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर बसू द्या. पण उभं करू नका, चालवू नका. तोंडात पाणी घालू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

त्या मुलीची आई नंतर म्हणाली, “शेंगदाण्याने तिला आधीही खाजायचं. पण शाळेत कुणी विचारलंच नाही.” पालकांनो, कुणी विचारायची वाट पाहू नका. वर्गशिक्षकांना लेखी द्या, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही सांगा. आणि शिक्षकांनो, मूल एखादा पदार्थ नको म्हणालं, तर तो नखरा समजू नका. आधी कारण विचारा.