मडगार्ड बसताना

मिशिगनमध्ये आमच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजात १९५१ची शेवरले ३१०० पिकअप उभी आहे, मागचा भाग स्टँडवर, चाकं बाजूला. दाराची मूठ फिरवून उघडायची आणि खिडकीत उघडझाप होणारी छोटी त्रिकोणी काच, ही जोडी त्या एकाच सालच्या गाडीत सापडते. पुढच्या वर्षी मुठीला बटण आलं.

हौदा शाबूत आहे, मागची मडगार्डं मात्र गेली. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर मडगार्ड आणि हौद्याच्या फटीत जाऊन बसतं आणि पत्रा आतून खातं. उतरवलेल्या जुन्या मडगार्डाची गोलाई अजून देखणी आहे, पण बोल्टांच्या कडेला बोट लावलं की पापुद्रे हातात येतात.

नवं मडगार्ड पोलादी आहे. फायबरचं हलकं असतं, गंजतही नाही, पण बोल्ट जास्त आवळला तर तडकतं आणि ठोकून वळणावर आणता येत नाही. शेजारच्या आजोबांनी पोलाद घेतलं ते योग्यच केलं.

त्यांची नात मडगार्ड पोटाशी धरून उभी आहे, मी बॅटरी दाखवतोय. आजोबा मधल्या भोकात पहिला बोल्ट सरकवतात, नट नुसता दोन आटे फिरवतात. मग मागचा. सगळे सैल.

"बसलं, आजोबा!"

"टेकलंय नुसतं. पुढे बघ."

पुढे पायरीशी जुळणारं भोक अर्धं झाकलेलं आहे. नव्या सुट्या भागांत हे नेहमीचंच. नात ड्रिलकडे हात नेते. "हौद्याला धक्का लावायचा नाही," आजोबा म्हणतात, "खोट नव्या पत्र्यात आहे." ते गोल कानस घेऊन मडगार्डाचं भोक लांबट करू लागतात. काळ्या प्रायमरखालून चकचकीत पत्रा उघडा पडतो. त्यावर लगेच ब्रशने प्रायमर, नाहीतर गंज तिथूनच सुरू होईल.

बोल्ट आरपार जातो. आता चाक चढवून गाडी जमिनीवर उतरवतात, कारण वजन स्प्रिंगच्या पाट्यांवर आल्याशिवाय चाक आणि मडगार्डामधलं खरं अंतर कळत नाही. आजोबा टायरवरून बोटं फिरवत नेतात, मागे जाऊन एक डोळा मिटून कड बघतात, खालून तळहाताने जरा उचलतात. मग मधून कडांकडे एकेक नट आवळतात.

आणि लगेच सगळं खोलायलाही घेतात. रंग आतल्या बाजूंना, मडगार्डाच्या पाठीला आणि हौद्याच्या पत्र्याला, सुटं असतानाच मारायचा. नात वॉशर डब्यात टाकते, डब्यावर 'उजवं' लिहिते आणि डाव्या बाजूचं मडगार्ड आणायला जाते.