टॅरो व ओरॅकल पत्ते : रचनेच्या अंगाने विवेचन

पत्त्यांवरून भविष्य सांगण्याच्या व्यवसायात टॅरो व ओरॅकल ही दोन नावे बहुधा एकाच अर्थाने वापरली जातात. वस्तुतः ही भिन्न साधने होत. त्यांतील भेद चित्रांचा नसून रचनेचा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी मराठी वाचकास फार दूर जावयास नको. सावंतवाडीची गंजिफा व रस्त्याच्या कडेला बसणारा पोपटवाला ज्योतिषी ही दोन उदाहरणे त्यास पुरेशी आहेत.

दशावतारी गंजिफेत 120 वर्तुळाकार पाने असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गट. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. राजा व प्रधान यांच्या खालोखाल निम्म्या गटांत दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्यांत एक्का. पानाचे मोल त्यावरील चिन्हांच्या संख्येने नव्हे, तर संचातील स्थानाने ठरते. एक पान हरवले तरी संच अपुरा पडतो.

टॅरोची घडण याच जातीची आहे. त्यात 78 पाने असतात : चार गटांची 56 व स्वतंत्र चित्रांची 22. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा संच निर्माण झाला तो खेळण्यासाठी. 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने तो प्राचीन इजिप्तच्या विद्येचा अवशेष असल्याचे प्रतिपादन केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी युरोपात कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्याँने तिचा उलगडा जाहीर केला तो 1822 मध्ये. तरीही टॅरोच्या प्राचीनत्वाची ही कथा आजही ग्राहकास ऐकविली जाते. आज सर्वाधिक परिचित असलेला, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला संच तर 1909 चा आहे.

ओरॅकल पत्त्यांना अशी ठरलेली संख्या नाही, गटही नाहीत. प्रत्येक पान आपला संदेश स्वतःपुरता घेऊन येते व तो बहुधा संचाच्या कर्त्यानेच सोबतच्या पुस्तिकेत लिहून ठेवलेला असतो. पिंजऱ्यातून बाहेर येऊन पोपट जे पान उचलतो, ते नेमके असेच. ओळीत चार पाने वाढली वा दोन फाटली, तरी ज्योतिष्याचे काही अडत नाही. मात्र केवळ संख्येवरून निर्णय करू नये. लनॉर्मां नावाचा संच 36 पानांचा व निश्चित आहे, न्यूरेंबर्ग येथील फाशांच्या एका खेळातून तो आला. तथापि टॅरोचे गट त्यात नसल्याने त्याची गणना ओरॅकलमध्येच होते.

सबब टॅरो सांगणाऱ्यास पानांचे परस्परसंबंध जुळवावे लागतात. ओरॅकलमध्ये कर्त्याचा मजकूर उलगडून सांगितला तरी भागते. भाकित खरे ठरण्यास प्रयोगसिद्ध आधार दोहोंनाही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पकडणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा असल्याने पोपटवाल्यावर कारवाई होऊ शकते, पण ती पक्ष्यासाठी. पानावरील मजकुराशी त्या कायद्याचा काही संबंध नाही.