सॉल्ट लेकमध्ये बार काढायचा? आधी हे तपासा

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये, म्हणजे बिधाननगरमध्ये, बार काढायचा विचार असेल तर सुरुवात जागेपासून करा. इथले बहुतेक निवासी भूखंड सरकारने ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. तिथे धंदा करता येतो का, हे मूळ पट्ट्यात वाचल्याशिवाय अनामत देऊ नका. आयटी कंपन्यांच्या सेक्टर पाचचा कारभार 'नबदिगंत' प्राधिकरण पाहते, बाकी सेक्टर महापालिकेकडे आहेत. त्यामुळे व्यापार परवाना कुठून घ्यायचा तेही पत्त्यावर ठरते.

मद्यपरवाना राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याचा. महाराष्ट्रातल्या परमिट रूमचे नियम इथे चालत नाहीत. आपल्याकडे बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे, बंगालमध्ये दोन्हींसाठी २१. घाऊक माल २०१७पासून राज्याच्या बेव्हरेजेस कॉर्पोरेशनकडून येतो, म्हणून खरेदीत घासाघीस करून नफा वाढवण्याला फारसा वाव नाही. कमाई स्वयंपाकघरावर आणि भरलेल्या टेबलांवरच.

मग हिशेब मांडा. भाडे, पगार, परवाना शुल्क, वीज हा खर्च ड्राय डेलाही चुकत नाही. सेक्टर पाचमध्ये मंगळवारी संध्याकाळी सातला उभे राहा, तसेच रविवारीही. ऑफिसे बंद असताना रस्त्यावर किती माणसे दिसतात ते मोजा.

सहा महिने तोटा सोसण्याइतके पैसे आणि रात्री उशिरापर्यंत गल्ल्यावर बसण्याची तयारी, यांतले एक जरी नसेल तरी या धंद्यात पडू नका.