सुराच्या चढउताराचा वेग : परिमित अंतरांची पद्धत

प्रस्तावना

'तो आला.' आणि 'तो आला?' ही वाक्ये लिहिताना विरामचिन्हाने वेगळी होतात; बोलताना त्यांना वेगळे करतो तो सूर. 'का' न जोडता विचारलेल्या प्रश्नात वाक्याच्या शेवटी सूर चढतो, तर विधानात तो सामान्यतः उतरतो. हा सूर किती चढला याबरोबरच तो किती वेगाने चढला, हेही स्वनविज्ञानाच्या अभ्यासकाला जाणून घ्यायचे असते. एखाद्या क्षणीच्या बदलाच्या या वेगाला गणितात अवकलज म्हणतात.

वक्राचे सूत्र ठाऊक असेल तर अवकलज नियमांनी काढता येतो. बोलण्यातील सुराला असे तयार सूत्र नसते. 'प्राट'सारखी संगणकप्रणाली ध्वनिमुद्रणावरून ठरावीक कालांतराने मूलभूत वारंवारतेचे, म्हणजे स्वरतंतूंच्या दर सेकंदाच्या कंपनांचे, आकडे देते. अशा सुट्या आकड्यांवरून वेगाचा अंदाज बांधण्याची रीत म्हणजे परिमित अंतरांची पद्धत होय.

तीन सूत्रे

'आला?' मधील शेवटच्या स्वराचे आकडे दर २० मिलिसेकंदांनी घेतले आहेत, अशी कल्पना करू. ० ते १२० मिलिसेकंदांपर्यंतचे हे सात आकडे असे : १८०, १८१, १८४, १८९, १९६, २०५, २१६ हर्ट्झ. उदाहरण पडताळता यावे म्हणून ते एका वर्गसूत्रावरून बनवले आहेत. त्या सूत्रानुसार ८० व्या मिलिसेकंदाला सुराचा खरा वेग सेकंदाला ४०० हर्ट्झ आहे. आता केवळ आकड्यांवरून तो काढू.

१. पुढील अंतर : पुढच्या आकड्यातून चालू आकडा वजा करून टप्प्याने भागावे. (२०५ – १९६) ÷ ०.०२ = ४५०.
२. मागील अंतर : चालू आकड्यातून मागचा आकडा वजा करून टप्प्याने भागावे. (१९६ – १८९) ÷ ०.०२ = ३५०.
३. मध्य अंतर : पुढच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करून दुप्पट टप्प्याने भागावे. (२०५ – १८९) ÷ ०.०४ = ४००.

पुढील अंतर ८० ते १०० मिलिसेकंदांमधला सरासरी वेग सांगते; तो वस्तुतः ९० व्या मिलिसेकंदाचा वेग आहे. मध्य अंतरात मात्र आपला क्षण बरोबर मधोमध येतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या चुका परस्परांना छेदतात. वर्गसूत्राच्या वक्रावर उत्तर अचूक येते. इतर वक्रांवर थोडी चूक उरते, पण टप्पा पुरेसा लहान असताना तो निम्मा केला की ती सुमारे चौथाई होते. पुढील व मागील अंतरांतील चूक सुमारे निम्मीच होते.

टप्पा किती लहान असावा?

यावरून टप्पा जितका लहान तितके उत्तर चांगले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मोजलेला प्रत्येक आकडा निर्दोष नसतो. प्रत्येक आकड्यात जास्तीत जास्त १ हर्ट्झ इतकी चूक संभवते असे धरू. वजाबाकीत दोन चुका मिळून २ हर्ट्झ होऊ शकतात. मध्य अंतरात २० मिलिसेकंदांच्या टप्प्याने त्यांस ०.०४ ने भागले की वेगातील चूक ५० पर्यंत जाते. टप्पा ५ मिलिसेकंद केला तर ती २०० पर्यंत आणि १ मिलिसेकंद केला तर १००० पर्यंत जाते. मूळ वेग ४०० असताना १००० ची चूक म्हणजे चढणारा सूर उतरता दिसण्याचीही शक्यता. उलट टप्पा फार मोठा घेतला तर सुराचे वळणच पुसले जाते. शिवाय अघोष व्यंजनाच्या उच्चारात स्वरतंतू कंप पावत नसल्याने तेथे मूलभूत वारंवारताच नसते. म्हणून 'त', 'क', 'स' यांसारख्या व्यंजनांच्या अलीकडचा व पलीकडचा आकडा एका अंतरात घेऊ नये.

वाक्याच्या शेवटची अडचण

प्रश्नाचा चढ वाक्याच्या अगदी शेवटी असतो आणि तेथे पुढचा आकडाच नसतो. मध्य अंतर तेथे वापरता येत नाही. मागील अंतराने (२१६ – २०५) ÷ ०.०२ = ५५० मिळतात; सूत्रानुसार खरा वेग ६०० आहे. शेवटचे तीन आकडे घेऊन हे अंतर सुधारता येते : (३ × २१६ – ४ × २०५ + १९६) ÷ ०.०४ = ६००. मात्र येथे आकड्यांतील चुकाही ३, ४ आणि १ पट होतात. त्या एकत्र आल्या तर वेगातील चूक २०० पर्यंत पोचते. साध्या मागील अंतरात सूत्राची ५० आणि मापनाची १०० धरून ती फार तर १५० होते. अर्थात, कागदावर सरस ठरलेले सूत्र प्रत्यक्ष मापनात सरस ठरेलच असे नाही. मराठी जेथे प्रश्नाचा अर्थ सुरावर सोपवते, तेथेच आपले मापन सर्वांत दुबळे असते, हे ध्यानात ठेवावे.

समारोप

सुराच्या वेगाचा आकडा वक्त्याच्या उच्चारावर, तसेच आपण निवडलेल्या सूत्रावर व टप्प्यावर अवलंबून असतो. म्हणून प्रकल्प अहवालात वेगासोबत या दोहोंची नोंद करावी आणि निदान दोन वेगवेगळ्या टप्प्यांनी उत्तर पडताळावे. टप्पा बदलताच चढाचा उतार होत असेल, तर त्यावरून भाषेविषयी निष्कर्ष काढू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. वरील आकड्यांवरून ६० व्या मिलिसेकंदाचा वेग तिन्ही सूत्रांनी काढा.
२. टप्पा फार लहान केल्यास वेगातील चूक का वाढते, ते सोदाहरण स्पष्ट करा.
३. वाक्याच्या शेवटी मध्य अंतर का वापरता येत नाही?